दोन लिंकचं भाडं, केबल मात्र एकाच चरातून

प्रश्न: नाशिकला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. एकाच कंपनीची १८,००० रुपये महिन्याची लीज्ड लाइन (फक्त आमच्यासाठीची इंटरनेट जोडणी) आणि ११,००० रुपयांची ‘रिडंडंट’ म्हणजे पर्यायी लिंक १४ महिन्यांपासून आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली आणि दोन्ही लिंक ३१ तास बंद पडल्या. कंपनी फक्त करारातलं क्रेडिट, म्हणजे बिलातली सूट, देते म्हणते. आमचं नुकसान २,४०,००० रुपये. मिळेल का? तोवर बिल थांबवू का?

उत्तर: बिल थांबवू नका. थकबाकी झाली की लाइन तोडायला कंपनीला आयतं कारण मिळेल. ‘हक्क राखून भरत आहोत’ असा ईमेल करा आणि भरा.

करारात ९९.५ टक्के अपटाइमची, म्हणजे लिंक चालू राहण्याची, हमी असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ती केव्हाच संपली. पण क्रेडिट हाच एकमेव उपाय असं करारात असेल, किंवा तिसऱ्याने केबल तोडल्याचा अपवाद असेल, तर नुसत्या बंद काळावर मोठी रक्कम मिळणं कठीण.

तुमची भक्कम बाजू दुसऱ्या लिंकची आहे. पहिली तुटली तरी काम चालावं, एवढ्यासाठीच तुम्ही ११,००० भरत होता. दोन्ही एकाच चरातून नेल्या असतील, तर विकलेली सेवा पहिल्या दिवसापासून दिलेलीच नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार, चुकीच्या माहितीवर संमती दिलेल्याला करार रद्द करता येतो, किंवा ती माहिती खरी असती तर जी स्थिती असती ती मागता येते. म्हणून नोटिशीत आधी खरोखर वेगळा मार्ग मागा, आणि १,५४,००० रुपये भाड्याचा परतावा. कंपनी म्हणेल, रिडंडंट म्हणजे फक्त वेगळा पोर्ट (उपकरणावरची केबल जोडायची जागा). त्यामुळे कोटेशन, पर्चेस ऑर्डर आणि सेल्सवाल्यांचे ईमेल आजच शोधा. ‘वेगळा मार्ग’ हे शब्द कुठे लिहिलेले असतील तर सगळं चित्र पालटतं.

राउटरचे लॉग, म्हणजे लिंक केव्हा बंद-चालू झाली त्याच्या नोंदी, लगेच उतरवून ठेवा. छोट्या राउटरमध्ये नवे लॉग जुन्यांवर चढतात, कित्येकदा रीबूट केलं की पुसलेच जातात. कंपनीकडे तिकीट क्रमांकासह बिघाडाच्या कारणाचा लेखी अहवाल आणि दोन्ही केबलचे मार्गनकाशे मागा. लॉग पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

२,४०,००० हा आकडा उलाढालीचा असेल तर तो टिकणार नाही. बुडालेला निव्वळ नफा आणि जादा खर्च तेवढा धरा. नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं, हेही करार कायद्याच्या कलम ७३ खाली पाहिलं जातं. मोबाइल हॉटस्पॉटवरून रिपोर्ट पाठवले असतील तर त्याची नोंद जोडा. साधा ४जी राउटरही का ठेवला नाही, हा प्रश्न नक्की येईल.

जोडणी व्यवसायासाठी असल्याने ग्राहक आयोगात पहिला आक्षेप त्यावरच येईल. करारात लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस द्या. नसेल तर दिवाणी दावा, मुदत ३ वर्षं. दाव्याची रक्कम ३ लाख किंवा जास्त झाली तर तो व्यापारी न्यायालयाकडे जाईल, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर तिथे आधी मध्यस्थी सक्तीची आहे.

नवा करार करताना वेगळा डक्ट (केबल जाते ती नळी), इमारतीत वेगळा प्रवेश आणि वेगळं एक्स्चेंज, हे तिन्ही लिहून घ्या. ते परवडत नसेल तर दुसऱ्या कंपनीची वायरलेस लिंक घ्या. रिपोर्ट पाठवायला ती पुरते. आणि दर महिन्याला मुख्य केबल काढून दुसरी लिंक खरंच चालते का ते पाहा, तारीखवार नोंद ठेवा.