टोयोटा ८६ला टर्बो बसवू का?

प्रश्न : मी मेलबर्नला राहतो. २०१३ची टोयोटा ८६ सेकंडहँड घेतली आहे. वळणांवर गाडी सुरेख चालते, पण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान जोर एकदम ओसरतो. मित्र म्हणतात, टर्बो किट बसव. इंजिनाची जुळणी बदलून देणारा एक ट्यूनर मात्र म्हणाला, ‘यात डायरेक्ट इंजेक्शन आहे, जपून.’ नेमकं काय जपायचं?

उत्तर : तुमचा ट्यूनर जाणकार दिसतो, त्याला सोडू नका.

तुमच्या गाडीतलं इंजिन सुबारूचं आणि पेट्रोल फवारण्याची पद्धत टोयोटाची. १९९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धावही) ८६ मिमी. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, नसताना ७००० आरपीएमला २०० पीएस (अश्वशक्ती). २०१२ साली गाडी बाजारात आली तेव्हा या आकड्याने मी हरखून गेलो होतो, आजही मला त्या इंजिनाचं कौतुक आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १२.५:१ इतकं चढं. ते झेपतं, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत : एक पोर्टमध्ये (हवा आत येते त्या वाटेत), दुसरा थेट सिलिंडरच्या आत, हेच डायरेक्ट इंजेक्शन. आतला फवारा बाष्प होताना हवा थंड करतो, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी, स्फोटासारखं पेटणं, दूर राहतं. पोर्टमधला फवारा हलक्या लोडवर मिश्रण नीट करतो आणि इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचू देत नाही.

आता ट्यूनरची अडचण बघा. ७००० आरपीएमला इंजिनाचं एक चक्र साधारण १७ मिलिसेकंदांत संपतं. पोर्टमधला इंजेक्टर त्यातला बहुतेक वेळ उघडा राहू शकतो. आतल्याला मात्र चक्रातल्या चार स्ट्रोकपैकी सक्शन आणि कॉम्प्रेशन एवढेच मिळतात, म्हणजे फार तर निम्मा वेळ, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. टर्बोने हवा वाढवली की पेट्रोलही तितकंच वाढवावं लागतं, आणि आतला इंजेक्टर व त्याचा हाय-प्रेशर पंप लवकर हात टेकतात. मग पोर्टचे इंजेक्टर मोठे बसवायचे, आणि कुठल्या आरपीएमला, किती लोडवर कोणी किती पेट्रोल द्यायचं याचं गणित ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) नव्याने मांडायचं. लॅपटॉप जोडून तासाभरात उरकण्यातलं हे काम नाही.

चिंचवडला टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चाचणीच्या मंचावर, आम्ही कानाला हेडफोन लावून नॉक ऐकायचो. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येतो. तो ऐकू आला की थ्रॉटल तत्काळ खाली. रस्त्यावर, मोठा एक्झॉस्ट लावलेल्या गाडीत तो आवाज तुम्हाला कळणार नाही. १२.५ कॉम्प्रेशनवर बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) चढवलं की नॉकला फारशी जागाच उरत नाही, आणि मार बसतो तो पिस्टनला आणि कनेक्टिंग रॉडला. सुबारूने याच घराण्यातलं टर्बो इंजिन आपल्या डब्ल्यूआरएक्स या गाडीसाठी काढलं, तेव्हा कॉम्प्रेशन १०.६ वर आणलं. ज्यांनी इंजिन घडवलं त्यांनाच ते उतरवावंसं वाटलं, हे मी फार गांभीर्याने घेतो.

आणि तुमची मूळ तक्रार पीएसची नाहीच, मधल्या आरपीएमच्या टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची आहे. टॉर्कचा हा खड्डा या मॉडेलमध्ये मुळापासून आहे. इनटेक-एक्झॉस्टच्या नळ्यांतल्या दाबाच्या लाटा वरच्या आरपीएमला साथ देतात, मध्ये आडव्या येतात. म्हणून चांगला हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) आणि त्याला जुळवून केलेलं ईसीयू ट्यूनिंग यांनी तो बराच भरून निघतो. आकडा थोडाच वाढेल, पण रोज चालवताना फरक जाणवेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा हेडर घेऊ नका, तो रस्त्यावर बेकायदा ठरेल. कंपनीने हा खड्डा कसा भरला तेही पाहा : २०२१च्या नव्या पिढीत बोअर ९४ मिमी करून इंजिन २३८७ सीसीचं केलं, टर्बो न लावता. कॉम्प्रेशन तेच. २५० न्यूटन मीटर टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळतो, तुमच्या गाडीत २०५ मिळायला ६४०० गाठावे लागतात.

टर्बोच हवा असेल तर बूस्ट कमी ठेवा, पेट्रोल ९८ ऑक्टेनचंच भरा आणि डायनोवर (गाडी जागेवरच पळवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक गिअरचा नॉक लॉग, म्हणजे नॉकची नोंद, मागून घ्या. लॉग द्यायला जो कुरकुरेल, त्याच्या हाती गाडी देऊ नका. व्हिक्टोरियात अशा बदलाला मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. किटला पैसे भरण्याआधी त्या इंजिनिअरला भेटा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.