‘दशांश’ म्हणजे कशाचा दशांश, ते आधी ठरवा

ऐरोलीच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमची कळव्याची गॅलरी डोळ्यांसमोर आली, वाळत घातलेल्या कागदी लगद्याच्या गोळ्यांनी भरलेली. तुमच्या मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी लिहिलंय की अणुकेंद्रक अणूच्या एक लक्षांश असतं आणि पेशीकेंद्रक पेशीच्या एक दशांश, तर दोन्ही शेजारी-शेजारी कसं दाखवायचं? माझ्या मुलीने नववीत हेच वाक्य तक्त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं. आम्ही तिथेच फसलो.

आधीच सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका नाही, बँकेत आहे. शाळेतल्या बाईंना एकदा विचाराच. पण ही चूक मी पैसे आणि रविवार घालवून शिकले आहे.

त्या वाक्यातला लक्षांश व्यासाचा आहे आणि दशांश घनफळाचा. दोन वेगळ्या पट्ट्या एकाच ओळीत. आम्ही पेशी म्हणून ५० सेंटीमीटरचा गोळा केला आणि आत ५ सेंटीमीटरचं केंद्रक टांगलं. व्यास दशांश झाला की घनफळ सहस्रांश होतं हे मला, रोज व्याजाचे हिशेब करणाऱ्या बाईला, सुचलं नाही. घनफळाचा दशांश हवा असेल तर केंद्रकाचा व्यास पेशीच्या जवळजवळ निम्मा येतो. म्हणजे ५० च्या गोळ्यात २३ सेंटीमीटरचा. आम्ही लिंबू टांगलं होतं, हवा होता फुटबॉल.

हे पकडलं गेलं त्याला प्रदर्शनाचे अर्ज घेणारं एक कार्यालय कारण आहे. नाव घेत नाही. अर्जावर विभागाचा रकाना होता, भौतिक किंवा जैव. आमचा विषयच दोन्हींची तुलना, म्हणून मुलीने दोन्हींवर खूण केली. अर्ज परत. तळटीप लिहिली, परत. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले आणि खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘केंद्रक ना? मग जैव.’’ माझ्या तीन अर्ध्या रजा गेल्या. जैवमध्ये गेल्यामुळे परीक्षक बाई जीवशास्त्राच्या. अणूकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, थेट लिंबाकडे बोट. ‘‘दशांश कशाचा गं?’’ पोरगी गप्प. अजून आठवलं की पोटात कालवतं.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला, ‘‘कोणती पेशी?’’ तो तर जास्त महत्त्वाचा. सस्तन प्राण्यांच्या केंद्रकाचा व्यास साधारण ६ मायक्रोमीटर धरतात, पण रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीत केंद्रकच बहुतेक जागा व्यापतं आणि आपल्या पक्व तांबड्या पेशीत ते नसतंच. कांद्याच्या पापुद्र्यात मोठ्या रिक्तिकेमुळे (पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी) ते कडेला ढकललेलं दिसतं. नावात केंद्र आहे म्हणून मधोमध चिकटवू नका.

अणूचंही तसंच. ‘लक्षांश’ हा मोघम आकडा आहे. हायड्रोजनचा अणू त्याच्या केंद्रकाच्या साधारण ६३ हजार पट रुंद, सोन्याचा सुमारे २० हजार पट. केंद्रक म्हणून २ मिलिमीटरची मोहरी घेतलीत तर सोन्याचा अणू ४० मीटरचा होतो आणि हायड्रोजनचा सव्वाशे मीटरचा. रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली ती सोन्याच्या पत्र्यावरच्या प्रयोगांवरून, म्हणून मी सोनंच घेईन.

अणू म्हणजे स्टेडियम आणि केंद्रक म्हणजे माशी हे उदाहरण कृपा करून नको, प्रत्येक टेबलावर तेच असतं. ठाण्याचं सांगते. ठाणे स्टेशनात मीटरभर व्यासाचा गोळा हायड्रोजनचं केंद्रक म्हणून ठेवला, तर अणूची कड ३१-३२ किलोमीटरवर जाते. १८५३ साली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ते अंतर ३४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढंच. आणि एवढ्या टापूत इलेक्ट्रॉन एकच. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर चिटपाखरू नाही, अशी कल्पना करायला सांगा. फक्त ‘कड’ शब्द जपून वापरा. पेशीकेंद्रकाला दुहेरी पटल असतं, अणूला भिंत नसते, इलेक्ट्रॉनचा ढग विरळ होत जातो.

आणि एक गंमत आमच्या पोरीनेच काढली, पण प्रदर्शन झाल्यावर. ६ मायक्रोमीटरच्या पेशीकेंद्रकावर हायड्रोजनचे अणू ओळीने मांडले तर पन्नास-साठ हजार मावतात. म्हणजे प्रोटॉनहून (हेच हायड्रोजनचं केंद्रक) अणू जेवढ्या पट मोठा, साधारण तेवढ्याच पट अणूहून पेशीकेंद्रक मोठं. एकाच पट्टीवर दाखवायचं तर हीच पायरी दाखवा, दोन गोळे शेजारी ठेवून काही कळत नाही. माझं मत हं, परीक्षकांचं वेगळं असू शकतं.

सामान जांभळी नाक्यावर स्वस्त पडतं. थर्माकोल आणू नका, फुग्यावर लगदा चढवा, पण पावसाळ्यात वाळायला चार दिवस धरा. अर्जाची झेरॉक्स ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कोणती पेशी घेताय तेवढं कळवा, गोळ्याचा व्यास काढून देते.