चार मशीनचा गाळा, एकच मोठं गिऱ्हाईक आणि उडालेली झोप

तुमचा प्रश्न नीट वाचला. कंपन्यांना सुटे पार्ट करून देणारा भोसरीतला चार मशीनचा गाळा, सात माणसं, ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं, महिन्याचं बिलिंग आठेक लाख आणि पैसे हातात यायला शंभर दिवस. गुरुवारची सुट्टीही मेंटेनन्सच्या नावाखाली गाळ्यावरच जाते. नवा पार्ट डेव्हलपमेंटला आला तरी आता काही वाटत नाही, उलट ‘आणखी एक कटकट’ असंच मनात येतं. गाळा भाड्याने देऊन कुठेतरी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून लागावं का, असं विचारलंत.

आधीच्या उत्तरांमध्ये प्राणायाम, सकाळचं चालणं, घरच्यांना घेऊन दोन दिवस कोकणात जाणं असे सल्ले आले आहेत. त्यात वाईट काही नाही, करा. फक्त शुक्रवारी सकाळी परचेसवाल्याचा फोन आला की कोकण तिथल्या तिथे संपतं. आपल्या धंद्यातला थकवा श्रमातून येतो असं मला वाटत नाही. मार्च एंडला तीन पाळ्या चालवूनही लोक हसत घरी जातात. जीव जातो तो दोन गोष्टींनी: आपलेच पैसे दुसऱ्याच्या हातात अडकतात आणि आपल्याशिवाय गाळ्यात पान हलत नाही. तेव्हा मी आधी पैशाचंच बोलणार आहे. मन:शांतीच्या प्रश्नाला वसुलीचं उत्तर विचित्र वाटेल, पण वाचा.

त्याआधी एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात तीन खुणा आहेत: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. तिन्ही तुमच्या लिहिण्यात आहेत. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था म्हणते. म्हणजे परिस्थितीला हात घातल्याशिवाय ती जात नाही. पण झोप महिनोन्‌महिने उडालेली असेल, जेवण जात नसेल किंवा ‘आपण नसतो तर बरं’ असले विचार डोकावत असतील, तर ते या उत्तराच्या बाहेरचं आहे. सरळ डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कारखानदाराने असा फोन करायचा नसतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. सोडा तो.

आता आकडे. आठ लाख बिलिंग आणि शंभर दिवसांची उधारी म्हणजे कुठल्याही दिवशी तुमचे सव्वीस-सत्तावीस लाख बाहेर अडकलेले. बारा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास व्याज, म्हणजे महिन्याला सत्तावीस हजार. एका चांगल्या सेटरचा (मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराचा) पगार तुम्ही दर महिन्याला त्या कंपनीला भेट देताय. शिवाय जीएसटी बिल फाडलं त्या महिन्याच्या हिशेबाने भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की नव्वद दिवसांपुढची येणी बहुतेक बँका सीसीच्या (कॅश क्रेडिट खात्याच्या) ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे किती उचलता येतील त्या हिशेबात, धरत नाहीत. म्हणजे तुमची बिलं नेमकी ज्या आठवड्यात पैसे व्हायच्या बेतात असतात, त्याच आठवड्यात बँक त्यांना शून्य मानते. महिनाअखेरीला बँकेला स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांची यादी) द्यायच्या दिवशी पोटात गोळा येतो, त्याचं कारण हे आहे. स्वभाव भित्रा असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे आणि आपल्यातले बरेच लोक तो वापरत नाहीत. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांसाठीचा) लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) नव्वद दिवस छापले म्हणून कायद्याची मुदत नव्वद होत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दिवस मोजायचे ते माल पोचल्यापासून. पंधरा दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. त्यामुळे ‘जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अजून झालं नाही’ हे ऐकून घ्यायची गरज नाही, पण डिलिव्हरी चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख हवी. ड्रायव्हरला हे पढवा. शिक्क्याशिवाय चलन परत आणलं तर त्याला पुन्हा पाठवा.

थकलेल्या पैशासाठी सरकारी पोर्टलवर केस टाकता येते, पण ऐंशी टक्के काम देणाऱ्या गिऱ्हाइकावर कोण केस टाकतो? मीही टाका म्हणणार नाही. त्यापेक्षा प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात आलेलं कलम ४३बी(एच) कामाचं निघालं. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षात दाखवता येतो. म्हणजे ३१ मार्चला मुदत उलटलेली तुमची बिलं पडून असतील तर त्यांचा कर वाढतो. हे परचेसवाल्याला सांगून उपयोग नाही, त्याला काही फरक पडत नाही. अकाउंट्सला सांगायचं. दर बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून नोंदणीचा) छापा आणि जानेवारीतच थकलेल्या बिलांची यादी उद्यम प्रमाणपत्रासह त्यांच्या फायनान्सवाल्याला मेल करा. भाषा नम्र ठेवा, धमकी नको. ‘आपल्या ऑडिटसाठी माहिती’ एवढंच लिहा. माझ्या ओळखीच्या दोन गाळेवाल्यांचे पैसे एवढ्यावर हलले. मात्र तुम्ही ट्रेडिंगही करत असाल तर त्या बिलांना हे लागू नाही, उत्पादन आणि सेवा यांनाच आहे.

दुसरी वाट ट्रेड्सची (TReDS), म्हणजे थकलेल्या बिलावर बँकेकडून आधीच पैसे मिळवायच्या ऑनलाइन मंचाची. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या बिल डिस्काउंटिंगच्या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे काही दिवसांत मिळतात. व्याजदर कंपनीची बाजारात पत किती त्यावर ठरतो, त्यामुळे बऱ्याचदा तुमच्या सीसीपेक्षा स्वस्त पडतो. पुढे कंपनीने बुडवलं तर बँक तुमच्या मागे येत नाही. अडचण एकच: नोंदणी असूनही बिल मान्य करायचा कंटाळा. चहा प्यायला जा, दोनदा जा, तिसऱ्यांदा त्यांच्या फायनान्स हेडची वेळ मागून जा. उधारी शंभरावरून पंचेचाळीसवर आली तर तुमचे जवळजवळ पंधरा लाख मोकळे होतात. पंधरा लाख मोकळे झालेला माणूस रात्री वेगळा झोपतो.

आता गाळ्याच्या आत येऊ. तुम्ही सकाळी आठ ते रात्री नऊ असता, गुरुवारीही अर्धा दिवस. महिन्याचे साधारण तीनशे साठ तास. घरखर्चाला चाळीस हजार काढता असं लिहिलंत. तासाला एकशे अकरा रुपये झाले. तुमच्या सेटरला अठ्ठावीस हजार आणि त्याचे तास दोनशे आठ, म्हणजे एकशे पस्तीस. तुमच्या गाळ्यात तुम्ही सेटरपेक्षा स्वस्त आहात. आणि कोटेशन करताना मशीनच्या ताशी दरात वीज, इन्सर्ट (कापणारी टोकं), कूलंट, ऑपरेटर, हप्ता सगळं धरता, फक्त स्वतःचा पगार धरत नाही. जो उरतो तो नफा, असं आपण म्हणतो. तो नफा नसतो, न दिलेला पगार असतो. पुढच्या महिन्यापासून ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम स्वतःच्या घरच्या खात्यात टाका आणि ती दरात घाला. दर वाढवल्यावर दोन पार्ट हातातून जातील. कुठले जातात ते बघा. बहुतेक तेच असतील, ज्यांच्यात सर्वांत जास्त रिजेक्शन आणि सर्वांत जास्त फोन येतात.

फोनवरून आठवलं. आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा की गाळ्यातल्या माणसांनी तुम्हाला काय काय विचारलं. इन्सर्ट बदलू का, हा पीस पास करू का, टेम्पोवाल्याला किती देऊ, कूलंट संपतंय. यातले बरेचसे प्रश्न पाच हजार रुपयांच्या आतले असतात. तेवढ्यापर्यंतचे निर्णय सेटरकडे द्या, लेखी. तो चुकेल. एखादा लॉट जाईलही. पण दर वीस मिनिटांनी खुर्चीतून उठणारा माणूस कोटेशन धड करू शकत नाही, आणि खरा तोटा तिथेच होतो. सेटरला विश्वासात घेताना पगारातही थोडं बघा. नुसती जबाबदारी वाढवली तर तो दिवाळीनंतर चाकणच्या एखाद्या कंपनीत निघून जाईल.

आता समाधानाचा मुद्दा, ज्यावर कुणीच बोललं नाही. पिंपरी-चिंचवडमधले किती गाळेवाले मूळचे कंपनीतले ऑपरेटर किंवा टूलरूमवाले (साचे-हत्यारं बनवणारे) आहेत ते आठवा. मी स्वतः टूलरूममधूनच आलो. आपण या धंद्यात आलो कारण ड्रॉइंग बघून ‘हे बसवता येईल’ असं वाटायचं आणि पहिला पीस मायक्रोमीटरखाली बरोबर आला की दिवस सत्कारणी लागायचा. मग धंदा वाढतो आणि ज्याच्यासाठी आलो तेच काम आपण पगारावर दुसऱ्याला देऊन टाकतो. स्वतःकडे ठेवतो वसुली, चलनं आणि शिव्या. तुम्ही लिहिलंत की फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी जोडणी) डिझाइन तुम्हाला उत्तम जमायचं. शेवटचं फिक्स्चर स्वतः कधी केलंत? आठवड्यातले दोन अर्धे दिवस त्याला द्या, फोन सेटरकडे ठेवून. अकाउंट्सचं काम अर्धवेळ माणसाला द्या, आणि उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने जीएसटीची क्यूआरएमपी योजना घेतली नसेल तर सीएशी बोला; विवरणपत्रं तिमाही होतात, कर मात्र दरमहा भरायचा. बारीक गोष्ट आहे, पण डोक्यातल्या तारखा कमी होतात.

आणि पाचवं मशीन घेऊ नका. तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार डोक्यात असणार, कारण इमटेक्सला (मशीनच्या मोठ्या प्रदर्शनाला) जाऊन आलं की सगळ्यांचेच हात शिवशिवतात आणि विक्रेता पुढच्याच आठवड्यात कर्जाचे कागद घेऊन दारात उभा असतो. आज तुमच्यावर ज्या कंपनीची ऐंशी टक्के सत्ता आहे, पाचव्या मशीनने ती आणखी वाढेल, कारण ते भरायला पहिला फोन तुम्ही तिलाच कराल. आधी दुसरं गिऱ्हाईक. छोटं चालेल, पंपवाला, फूड मशिनरीवाला, कुणीही, फक्त पैसे महिन्यात देणारा. वर्षभरात ऐंशीचं साठ झालं तरी परचेसवाल्याशी बोलताना तुमचा आवाज बदललेला तुम्हालाच ऐकू येईल.

राहिला नोकरीचा प्रश्न. नोकरीत कमीपणा नाही. ‘मालक होऊन परत नोकर?’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना तुमचा हप्ता भरायचा नाहीये. पण दोन गोष्टी तपासून ठरवा. एक, वर सांगितलेलं येणीचं आणि दराचं काम करून पाहिल्यावरही मशीनजवळ जावंसं वाटत नाही का? तसं असेल तर धंदा खुशाल बंद करा, चालू स्थितीत मशीनला चांगली किंमत येते, बंद गाळ्यातल्या मशीनला येत नाही. दोन, मॅनेजर म्हणून तुम्हाला तिथेही हेच करावं लागणार: शेड्यूल, रिजेक्शन, फोन. फरक इतकाच की पगाराची तारीख दुसरा सांभाळेल. तेवढंच तुम्हाला हवं असेल तर नोकरी योग्य आहे. फिक्स्चर हवं असेल तर मॅनेजरची नोकरी चुकीची, टूल डिझाइनची शोधा.

तुमच्या मशीनचे हप्ते किती उरलेत आणि ती मोठी कंपनी ट्रेड्सवर आहे का, हे लिहिलं नाहीत. ते कळवा, म्हणजे ताशी दर स्वतःच्या पगारासकट किती बसतो ते मांडून देतो.