ॲक्सेसवरून पोस्टग्रेसवर जायचंय, पण साहेबांना कसं पटवू?

तुम्ही लिहिलंय की आठ-दहा जण एकाच ॲक्सेस फाइलवर (ॲक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा, नोंदी एका फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस) काम करतात, ती सोडून पोस्टग्रेसवर (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) जायचंय, कारण ती सारखी अडकते, आणि साहेब म्हणतात, "चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?"

मीही इथेच आपटलो होतो. पिंपरीजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरचा हिशेब माझ्याकडे होता. फाइल २ जीबीला टेकत आलेली. ॲक्सेसची मर्यादाच तेवढी, आणि जुन्या नोंदी पुसल्या तरी कॉम्पॅक्ट केल्याशिवाय, म्हणजे आतली रिकामी जागा काढून टाकल्याशिवाय, फाइल लहान होत नाही. मी ट्रान्झॅक्शन, लॉकिंग, इंडेक्स असं सगळं घालून बारा स्लाइड केल्या. तिसऱ्या स्लाइडला मालकांना फोन आला, ते बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

मग एक वही घातली. फाइल अडकली की तारीख, किती वेळ, कोण खोळंबलं आणि गेटवर टेम्पो उभा होता का, एवढंच लिहायचं. दोन महिन्यांत नऊ नोंदी झाल्या. चलन निघेना म्हणून थांबलेल्या टेम्पोचं भाडं मालकांना बरोबर कळतं.

तरीही होकार आला नाही. खरी भीती चहा पिताना बाहेर आली: "तू उद्या नोकरी सोडलीस तर हे कोण बघणार?" (मूळ फाइल बनवणाराही केव्हाच सोडून गेला होता, पण ते तोंडावर कसं म्हणणार!) प्रश्न रास्तच होता. बाहेरून सपोर्ट देणाऱ्या एकाचं कोटेशन आणलं, आणि आमच्या अकाउंट्समधल्या मुलाला बॅकअप परत चढवायला शिकवलं. ते त्यानेच मालकांसमोर करून दाखवलं, मी खुर्चीला हातही लावला नाही. माझ्या मते काम तिथे झालं.

"फुकट आहे" हे मात्र चुकूनही म्हणू नका. लायसन्सचे पैसे लागत नाहीत, पण सर्व्हर, बॅकअप आणि तुमचे तास लागतातच. तो आकडा तुम्हीच आधी सांगा.

आणि स्क्रीन बदलू नका. ॲक्सेसचे फॉर्म तसेच ठेवून फक्त टेबलं पोस्टग्रेसमध्ये हलवता येतात, ओडीबीसीने (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा) लिंक करायची. लोकांना बदललेलं फारसं जाणवत नाही. हो/नाहीच्या रकान्यांकडे लक्ष ठेवा: ॲक्सेस 'हो' म्हणजे -१ धरतं, पोस्टग्रेस तसं धरत नाही, त्यामुळे ओडीबीसी ड्रायव्हरची सेटिंग जुळवावी लागते. काही क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायच्या विचारणा) उलट मंदावतील, कारण कधीकधी ॲक्सेस अख्खं टेबल ओढून आणतं. अशा क्वेरींचे व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) सर्व्हरवर करून घ्या.

मार्चमध्ये हे काढू नका. आम्ही वर्षअखेरची स्टॉक मोजणी झाल्यावर सुरू केलं. पहिला महिना नोंदी दोन्हीकडे घालत होतो, आणि रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा एकाच कागदावर मालकांच्या टेबलावर ठेवत होतो.