डब्ल्यूएसडीएल १.१ की २.०? आणि टॅगची नावं बदलून भागतं का?

डब्ल्यूएसडीएल म्हणजे वेब सेवेचं वर्णन लिहिण्याची एक्सएमएल भाषा, आणि सोप म्हणजे सेवांमध्ये एक्सएमएल मेसेज पाठवण्याची पद्धत. प्रश्न दोन आहेत: नव्या सोप सेवेसाठी डब्ल्यूएसडीएल १.१ घ्यावं की २.०, आणि हाताशी असलेली १.१ ची फाइल टॅगची नावं बदलून २.० होते का. पहिल्याचं उत्तर १.१. दुसऱ्याचं, नाही होत.

कागदावर २.० सरस आहे, वाद नाही. १.१ ही वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची २००१ ची नुसती 'नोट', तर २.० ला जून २००७ मध्ये 'रेकमेंडेशन'चा, म्हणजे अधिकृत मानकाचा, दर्जा मिळाला. पण तोवर बेसिक प्रोफाइल (सोप सेवा एकमेकींशी जुळाव्यात म्हणून केलेले नियम), बीपीईएल (सेवा जोडून प्रक्रिया लिहिण्याची भाषा) आणि बहुतेक टूल्स १.१ धरून बसली होती. जावाचं डब्ल्यूएसइम्पोर्ट किंवा डॉटनेटचं एसव्हीसीयुटिल २.० ची फाइल घेतच नाही. ॲक्सिस२ सारखे अपवाद मोजकेच. वर्णन कितीही नेटकं असलं, तरी समोरच्याला त्यातून क्लायंट कोड जनरेट करता येत नसेल तर काय उपयोग?

डेफिनिशन्सचं डिस्क्रिप्शन, पोर्टटाइपचं इंटरफेस, पोर्टचं एंडपॉइंट आणि मूळ नेमस्पेस (टॅगची नावं कुठल्या संचातली हे सांगणारा पत्ता) वेगळा, इथपर्यंत फाइंड-रिप्लेस चालतं. खरी अडचण मेसेज टॅगची, ज्यात १.१ मध्ये मेसेजचे तुकडे म्हणजे 'पार्ट' लिहितात. २.० मध्ये तो उडवलाय. ऑपरेशनचं इनपुट-आउटपुट थेट स्कीमातल्या (एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या भागातल्या) एकाच एलिमेंटकडे बोट दाखवतं. त्यामुळे एका मेसेजमध्ये तीन पार्ट असतील, तर ते एका रॅपर एलिमेंटमध्ये गुंडाळावे लागतात.

आरपीसी-लिटरल सेवेत, म्हणजे जिथे ऑपरेशनच्या नावाच्या एलिमेंटमध्ये पार्ट जातात तिथे, इथेच घात होतो. रॅपरला ऑपरेशनचंच नाव द्या, उत्तराच्या रॅपरला त्यापुढे 'रिस्पॉन्स' जोडा. स्कीमाचा टार्गेट नेमस्पेस जुन्या बाइंडिंगमधल्या (मेसेज प्रत्यक्ष कसे जातात ते सांगणाऱ्या भागातल्या) सोप बॉडीच्या नेमस्पेस ॲट्रिब्यूटसारखाच हवा. आतली पार्टची एलिमेंट मात्र नेमस्पेसविना जातात, म्हणून एलिमेंट-फॉर्म-डिफॉल्ट 'अनक्वालिफाइड' ठेवा. सवयीनं 'क्वालिफाइड' लिहिलंत की जुन्या क्लायंटचे मेसेज नव्या स्कीमाशी जुळत नाहीत. काही पार्सर तर एररही देत नाहीत, सरळ नल व्हॅल्यू हातात ठेवतात. मग शोधत बसा.

ओव्हरलोडिंगही २.० ला चालत नाही. एकाच नावाची दोन ऑपरेशन्स असतील तर एकाचं नाव बदला. एका सर्व्हिसला इंटरफेसही एकच. वेगवेगळ्या पोर्टटाइपचे पोर्ट एकत्र ठेवले असतील, तर सर्व्हिस तोडा किंवा 'एक्स्टेंड्स' वापरून सगळं एका इंटरफेसखाली आणा. हे 'एक्स्टेंड्स' आणि इंटरफेसच्या पातळीवर एकदाच घोषित होणारे फॉल्ट (एररचे मेसेज), या २.० च्या मला खरोखर आवडणाऱ्या गोष्टी.

बाइंडिंगमध्ये एक छुपा डिफॉल्ट आहे. २.० मध्ये सोपची आवृत्ती लिहिली नाहीत तर ती १.२ धरली जाते. मग कंटेंट-टाइप टेक्स्ट-एक्सएमएल न राहता ॲप्लिकेशन-सोप-प्लस-एक्सएमएल होतो आणि सोप १.१ ची वाट पाहणारा सर्व्हर ४१५ (हा कंटेंट-टाइप चालत नाही, असा एरर) परत करतो. जुनी सेवा तशीच ठेवायची असेल तर आवृत्ती १.१ स्पष्ट लिहा.

उलटा गैरसमजही बराच दिसतो, की सोप १.२ साठी डब्ल्यूएसडीएल २.० लागतंच. लागत नाही. १.१ च्या फाइलमध्ये सोप-१२ चं वेगळं बाइंडिंग टाकलं की झालं. दोन्ही बाइंडिंग एकाच पोर्टटाइपवर शेजारी-शेजारी राहतात, पोर्ट तेवढे दोन द्यायचे. आणि एचटीटीपीच्या पुट-डिलीट विनंत्यांसाठी २.० चं एचटीटीपी बाइंडिंग हवं असेल, तर त्या सेवेचं वर्णन ओपनएपीआयमध्येच (एचटीटीपी सेवांचं वर्णन लिहिण्याच्या पद्धतीत) लिहा.