पिवळे डोळे आणि काळसर लघवी : ही कावीळ यकृताची नव्हे

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझ्या ९ वर्षांच्या मुलाला मलेरिया झाला. ताप उतरल्यावर १४ दिवस घ्यायच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, डोळे पिवळे पडले आणि जिना चढताना धाप लागू लागली. शेजाऱ्यांनी काविळीची माळ घालायला सांगितली, पण आम्ही रुग्णालयात गेलो. हिमोग्लोबिन ६ निघाले, रक्त द्यावे लागले. जी-सिक्स-पी-डी ही तपासणी मात्र नॉर्मल आली. मग हे झाले कशाने? धाकट्या मुलीलाही होईल का?

उत्तर : माळेच्या नादी न लागता आपण रुग्णालय गाठलेत, हे फार बरे केलेत. पत्रातील वर्णनावरून मुलाचे यकृत बिघडलेले नसून त्याच्या तांबड्या रक्तपेशी झपाट्याने फुटल्या असाव्यात, असे मला वाटते.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मग ती मुख्यतः प्लीहेत, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो तिथे मोडली जाते. तिच्यातले लोह शरीर पुन्हा वापरते आणि उरलेल्या भागापासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते, जे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. एकाच वेळी पुष्कळ पेशी फुटल्या की धडधाकट यकृतालाही एवढ्या बिलिरुबिनचा उरक होत नाही आणि डोळे पिवळे दिसतात. पेशी रक्तवाहिन्यांतच फुटल्या तर सुटे झालेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांतून गाळले जाते. आपण पाहिलेला तो चहाचा रंग याचाच होता. यकृताच्या काविळीतही लघवी गडद पिवळी ते चहासारखी तपकिरी होऊ शकते. त्यामुळे नुसत्या रंगावरून घरी फरक ठरवता येत नाही, त्यासाठी तपासणीच करावी लागते. लघवी काळसर असून तिचे प्रमाण कमी झाले, तर मूत्रपिंडांना धोका आहे असे समजून एक तासही दवडू नये.

यकृतात दडून बसलेले व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विन देतात आणि ते औषध आवश्यकच आहे. परंतु जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम ज्यांच्यात जन्मतः कमी असते, त्यांच्या पेशींना या औषधाचा ताण सोसत नाही. पेशी जितकी जुनी, तितके तिच्यातले एन्झाइम कमी, त्यामुळे जुन्या पेशी आधी फुटतात. आपल्या कोड्याचे उत्तर इथेच आहे. तपासणी झाली तोपर्यंत कमी एन्झाइमच्या पेशी फुटून गेल्या होत्या. मागे राहिल्या त्या तरुण पेशी, शिवाय रक्तदात्याच्या पेशीही त्यांत मिसळलेल्या असू शकतात. अशा रक्तात एन्झाइम पुरेसे दिसते आणि अहवाल फसवा येतो. म्हणून ही तपासणी सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी आणि तोवर मुलाला हा दोष आहे असे धरूनच चालावे.

पेशी फुटण्याची कारणे अर्थातच अनेक आहेत: सिकलसेल, जन्मतः गोलाकार असलेल्या पेशी, खुद्द मलेरिया, न जुळणारे रक्त, काही सर्पविषे. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या पेशींवर उलटली आहे का, हे १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या कूम्ब्स चाचणीने कळते. आपल्या डॉक्टरांना तीही केली का, हे जरूर विचारावे.

जी-सिक्स-पी-डीचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे मुलग्यांत तो अधिक दिसतो. मुलाला तो आईकडून मिळतो. आई वाहक, म्हणजे एका एक्स गुणसूत्रावर दोष असलेली, आणि वडील निर्दोष असतील, तर मुलगीही वाहक असण्याची शक्यता निम्मी असते; काही वाहक मुलींमध्येही एन्झाइम बरेच कमी असते. म्हणून मुलीची तपासणी आताच, ती बरी असताना, करून घ्यावी.

आपल्याकडे लोखंडी ट्रंकेत चादरी रचून मध्ये डांबरगोळ्या टाकायची पद्धत आहे. त्यांतल्या नॅफ्थलीनने या मुलांच्या पेशी फुटू शकतात. गोळी तोंडात गेली तर धोका मोठा असतोच, पण त्या कपड्यांत गुंडाळलेल्या तान्ह्या बाळांनाही बाधा झालेली आहे. त्या गोळ्या घरातून काढून टाकाव्यात. दोषाचे नाव लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात आणि आपल्या पाकिटात ठेवावी, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना ती औषध लिहिण्याआधी दाखवावी. मलेरियाचा उरलेला उपचारही तसाच सोडू नये. एन्झाइम कमी असलेल्यांना प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येते. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नयेत. फुटलेल्या पेशींतले लोह बहुतांशी शरीरातच राहिलेले असते. नव्या पेशी घडवण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागते आणि ते किती दिवस द्यायचे हे मुलाचे डॉक्टर सांगतील.