मॉडेल रेल्वेच्या सांध्यावर गाडी घसरते? मोटर बदलू नका, आधी पाती पाहा

दोष बहुधा पाती सरकवणाऱ्या मोटरचा नसतो, सांध्याचाच (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेचा) असतो. पाती (सांध्यातले सरकणारे निमुळते रूळ) बोटाने दोन्हीकडे सरकवा. ती बाजूच्या रुळाला घट्ट टेकलीच पाहिजेत. खडी चिकटवताना पात्यांजवळ गोंदाचा थेंबही जाऊ देऊ नका. नवशिक्यांचे सांधे बहुधा इथेच अडकतात. हाताने सांधा सुरळीत चालला की अर्धं काम झालं!

मग:
- दोन कॉइलच्या मोटरला वीज क्षणभरच द्यायची. साधा चालू-बंद स्विच लावलात तर कॉइल जळेल. दाबून सोडायचं बटणच घ्या.
- एचओ या मॉडेल मापात (रुळांतलं अंतर १६.५ मिमी) जागा असेल तर ४ नंबरऐवजी ६ नंबरचा (म्हणजे कमी तिरका) सांधा बसवा. लांब डबे सहज वळतात.

फ्रॉगची (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची) वीज, डीसीसी (गाड्यांचं डिजिटल नियंत्रण) वगैरे सध्या राहू द्या. आधी सर्वात लांब डबा सांध्यावरून उलटा ढकलून बघा.